आधी त्यांचं ऐकून घे, मग मोबाइल काढ

अगं, तुझा लांबलचक मेसेज काल रात्री वाचला. पर्यवेक्षिका म्हणून वेळापूरच्या अंगणवाड्यांचं बीट मिळालं तेव्हा केवढी हरखली होतीस तू! आणि आता लिहितेस, "ताई, तरुण पोरी एका बाजूला, जुन्या बायका दुसऱ्या बाजूला. बैठकीत कुणी तोंड उघडत नाही आणि बैठक संपली की व्हरांड्यात तासभर बोलणं चालतं. नवं काही सांगायला गेलं की माना हलतात, काम हलत नाही. या बायकांना बदलच नकोय."

ते शेवटचं वाक्य आधी मनातून काढून टाक. बाकीचं आपण निवांत बोलू.

तुझ्या बीटमधली सगळ्यात जुनी सेविका कोण, ते बघ आणि तिनं आजवर काय काय पचवलंय ते एकदा मोज. आपली एकात्मिक बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 ला देशातल्या 33 प्रकल्पांत सुरू झाली. तुझी ती सेविका कामाला लागली तेव्हा वजनावरून मुलाची श्रेणी ठरायची. पहिली, दुसरी, तिसरी, चौथी. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीतलं मूल म्हणजे काळजीचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. मग 2006 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं वाढीचे नवे मापदंड काढले, ते आपल्याकडे आले आणि तक्तेच बदलले. मुलांचा वेगळा, मुलींचा वेगळा. श्रेणी गेली, सॅम-मॅम (तीव्र आणि मध्यम कुपोषण) आलं, वजनासोबत उंची आली, दंडघेराची पट्टी आली. आहारात सुकडी होती, पाकिटं आली, कोरोनात कोरडा शिधा आला. अकरा रजिस्टरं लिहायला शिकली, तोवर मोबाइल आला. एक ॲप अंगवळणी पडतंय म्हणेपर्यंत मार्च 2021 मध्ये पोषण ट्रॅकर आला. आणि आता आईच्या चेहऱ्याचा फोटो जुळल्याशिवाय शिधा द्यायचा नाही, हे आलं.

एवढं सगळं ज्या बाईनं मानधनावर राहून केलं, तिला "बदल नकोय" म्हणणं मला पटत नाही. मला त्याचा रागच येतो, खरं सांगते.

2024 चा पावसाळा आठव. लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरायचे होते. गावोगावी ते काम सेविकांच्या अंगावर आलं. 'नारीशक्ती दूत' ॲप कुणी आधी पाहिलेलं नव्हतं. तरी याच बायका रात्री उशिरापर्यंत ओट्यावर बसून, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात उभ्या राहून अर्ज भरत होत्या. दारात बायका रांग लावून उभ्या होत्या, त्यांचं अडत होतं, म्हणून शिकल्या. कुणाचं तरी भलं होतंय हे समोर दिसलं की पन्नाशीतली बाईसुद्धा ॲप शिकते. फक्त वरून टक्केवारी मागितली म्हणून शिक, असं म्हटलं की तिचं मन लागत नाही.

आता ऑगस्ट 2021 ची गोष्ट. तू तेव्हा कॉलेजात असशील. राज्यभरातल्या सेविकांनी सरकारनं दिलेले मोबाइल परत केले होते. बाहेरच्या लोकांना वाटलं, बायका कामचुकार. त्यांचं म्हणणं काय होतं? दोन जीबी रॅमच्या फोनवर ॲप धड उघडत नाही, फोन तापतो, बंद पडतो, दुरुस्तीचा खर्च आमच्याच गळ्यात पडतो आणि ॲपमध्ये इंग्रजीत भरायला सांगता. एकेक मुद्दा खरा होता. पुढे नवे फोन आले, ॲपमध्ये मराठी आली, आणि त्याच बायका त्याच ॲपवर रोज काम करतायत. म्हणजे अडून बसल्या होत्या तेव्हाही त्या कामाबद्दलच बोलत होत्या. ऐकणाऱ्याला त्यात फक्त नकार ऐकू आला.

म्हणून तुला माझं पहिलं सांगणं हे, की जी बाई सगळ्यात जास्त कुरकुर करते तिच्याजवळ आधी जाऊन बस. तिच्या अंगणवाडीत जा, भेट-रजिस्टरात सही करायची घाई करू नकोस. विचार, "बाई, यात तुम्हाला नेमकं कुठं अडतंय? मला करून दाखवा." करून दाखवायला सांगणं महत्त्वाचं. बोलण्यात ती म्हणेल, "सगळंच अवघड आहे मॅडम." करून दाखवताना कळतं की अडतंय एकाच ठिकाणी.

चेहरा-पडताळणीचंच घे ना. तुझ्या मेसेजमध्ये होतं की वस्त्यांवरचं काम मागं आहे. मी पैजेवर सांगते, तिथं बायकांना मोबाइल येत नाही म्हणून नव्हे, आधारच्या नंबरवर जाणारा ओटीपी हाती येत नाही म्हणून काम मागं असणार. आपल्या भागातल्या घराघरांत आधारला जोडलेला नंबर नवऱ्याचा असतो. नवरा असतो ट्रकवर, नाहीतर पुण्याला, नाहीतर उसाला पाणी द्यायला गेलेला. बायको कडेवर पोर घेऊन अंगणवाडीत उभी. सेविका नवऱ्याला फोन लावते, तो उचलत नाही. उचलला तर "कसला ओटीपी? बँकेचा का? मी नाय देणार" म्हणतो, आणि त्याचंही चुकत नाही. लोकांना फसवणुकीचे फोन येतात, तो सावध आहे. तेवढ्यात मुदत संपते, पुन्हा पहिल्यापासून. दुसरी भानगड नावाची. सुनेचं आधार माहेरच्या नावाचं, अंगणवाडीच्या यादीत ती सासरच्या नावानं. ॲपला ती दोन वेगळ्या बायका वाटतात.

यातलं सेविकेच्या हातात काय आहे, सांग बरं? काहीच नाही. आणि आपण ग्रुपवर तिचं नाव लाल रंगात टाकतो.

याच्यावर उपाय आहे आणि तो तुझ्या हातात आहे. वस्तीनिहाय यादी कर. कुणाचा नंबर कुणाच्या नावावर, कुणाच्या नावात फरक. पोस्टाची पेमेंट बँक 2021 पासून दारात येऊन आधारचा मोबाइल नंबर बदलून देते. पोस्टमनशी बोल, ग्रामसेवकाशी बोल, एका वारी एका ठिकाणी दहा-बारा बायका गोळा कर. एका वस्तीचं काम असं झालं ना, की बाकीच्या सेविका आपणहून विचारतील, "मॅडम, आमच्याकडं कधी?" तुझ्या शंभर मेसेजनी होणार नाही एवढं काम त्या एका दिवसानं होईल. आणि ती पहिली वस्ती निवडताना तुझ्या आवडत्या सेविकेची निवडू नकोस. कुरकुर करणाऱ्या बाईची निवड.

आता त्या दोन बाजूंबद्दल. तरुण आणि जुन्या. हे मी फार जवळून पाहिलंय, आणि यात नुसता वयाचा प्रश्न नसतो, मानाचा असतो.

रजिस्टरांच्या काळात प्रत्येक बीटमध्ये एखादी बाई अशी असायचीच, की एमपीआर, म्हणजे महिन्याचा अहवाल, जुळेना झाला की सगळ्या तिच्याकडे जायच्या. ती पान उलटता उलटता सांगायची, "तुझी सहा महिने ते तीन वर्षांची बेरीज चुकली बघ, गेल्या महिन्यात तीन पूर्ण झालेलं पोर खाली घ्यायचं राहिलंय." बैठकीत तिची एक ठरलेली जागा असायची. चहा आधी तिला. मोबाइल आला आणि बेरजा तो करायला लागला. आता तीच बाई चष्मा कपाळावर चढवून विशीतल्या पोरीला विचारते, "अगं, हे नुसतं फिरतंय, आता काय दाबू?" पोर तिच्या हातातून मोबाइल घेते, फटाफट चार ठिकाणी दाबते, "झालं बाई" म्हणून परत देते. काम होतं खरं. पण बाईला काही कळलेलं नसतं, आणि चारचौघींत हातातून मोबाइल काढून घेतला गेलेला असतो. पुढच्या वेळी ती विचारत नाही. पुढच्या वेळी ती म्हणते, "रेंज नव्हती मॅडम."

म्हणून तुझ्या बीटमध्ये एक नियम करून टाक. शिकवणारीनं मोबाइलला हात लावायचा नाही. तोंडानं सांगायचं, बोट शिकणारीचंच फिरलं पाहिजे. वेळ लागेल, लागू दे. हा नियम तू स्वतःपासून सुरू कर, कारण घाईच्या दिवशी सगळ्यात आधी तुझाच हात पुढं जाईल.

आणि त्या तरुण पोरींचाही विचार कर हं. तुला वाटतंय त्या खूश आहेत. त्या दमल्यात. एका पोरीला मोबाइल येतो म्हटलं की चार जणींचं भरायचं काम तिच्या गळ्यात पडतं. लॉगिन दुसरीचं, पासवर्ड हिला पाठ. स्वतःच्या गृहभेटी राहतात. घरी सासू विचारते, "सुटी झाली ना दोनला, मग अजून काय करतीस?" नाही म्हटलं तर "शिकलेली आहे, माजली" असं ऐकावं लागतं. ही पोर दोन वर्षांत वैतागते. तिची हुशारी सगळ्यांनी वापरायची आणि तिचं नाव कुठंच घ्यायचं नाही, असं होऊ देऊ नकोस.

जोड्या लाव, पण देवाणघेवाणीच्या. तरुण पोरीनं ॲप शिकवायचं हे उघड आहे. जुन्या बाईकडं काय आहे ते तरुण पोरीला दाखवणं तुझं काम. जुन्या बाईचं एखादं जुनं सर्वेक्षण-रजिस्टर मागून घे आणि समासातल्या पेन्सिलीच्या नोंदी वाच. 'माहेरी, खुडूस.' 'बाप दारू पितो, आजी सांभाळते.' 'आधीचं एक बाळ गेलंय, लक्ष.' 'ऊसतोड, मार्चनंतर जाणार.' या नोंदींना ॲपमध्ये चौकट नाही. माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे हे तिला तोंडपाठ असतं. गाळप सुरू झालं की कुठल्या मुकादमाची टोळी कुठल्या रानात कोप्या घालते, त्यात किती लहान पोरं आहेत, हे तिला टोळी उतरल्या दिवशी कळतं. कारखान्यांच्या पट्ट्यातल्या बीटला ही माहिती म्हणजे सोनं आहे. ती पोरं आपल्या कायमच्या यादीत नसतात, आणि ज्या गावच्या यादीत असतात तिथं त्या वेळी नसतात. त्यांचं वजन कुणी करायचं? जिला कोपी माहीत आहे तिनं दाखवायचं आणि जिला नोंद येते तिनं नोंदवायचं. असं एकदा दोघी मिळून कोप्यांवर जाऊन आल्या की व्हरांड्यातलं बोलणं बदलतं.

आता जे सांगते ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, म्हणून जरा सविस्तर सांगते.

दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी मोजायला इन्फँटोमीटर असतो. बाळाला त्यावर आडवं झोपवायचं. एकीनं डोकं वरच्या पट्टीला नीट टेकवून धरायचं, दुसरीनं हलक्या हातानं गुडघे सरळ करून तळव्याला खालची पट्टी लावायची आणि आकडा वाचायचा. बाळ रडतं, वळवळतं, पाय आखडून घेतं. हे काम एकटीनं होतच नाही. सेविका आणि मदतनीस, दोघींचे चार हात लागतात आणि दोघींचं एकमेकींकडं लक्ष लागतं. आता समज, दोघींचं पटत नाही. सेविका म्हणते मदतनीस ऐकत नाही, मदतनीस म्हणते ही मला मोलकरणीसारखं वागवते. मग सेविका एकटीच बाळाला झोपवते, पाय अर्धा वाकलेला असतानाच आकडा घेते. लांबी कमी भरली की उंचीच्या मानानं वजन जास्त दिसतं, आणि सॅममध्ये असलेलं बाळ कागदावर साधारण होऊन बसतं. कुणी मुद्दाम खोटं केलेलं नसतं. दोन बायकांत अबोला असतो आणि त्याचा भुर्दंड बाळाला पडतो.

म्हणून अंगणवाडीत गेलीस की आधी वजन-लांबी घेताना बघ. दोघी कशा उभ्या राहतात, कोण कुणाला काय सांगते, आकडा मोठ्यानं वाचला जातो का. त्या पाच मिनिटांत तुला त्या अंगणवाडीतलं सगळं कळेल. आणि मदतनिसेशी वेगळं बोल. आपल्या सगळ्या साखळीत तिला कुणी काही विचारत नाही. ती पोरं घरून आणते, म्हणजे रोज सकाळी घराघरांत डोकावणारी तीच. कुठल्या घरी चूल पेटली नाही हे सेविकेच्या आधी तिला कळतं. बैठकीला तिलाही बोलाव अधूनमधून. ती सेविकेपेक्षा वयानं मोठी असेल तर तिला एकेरी हाक मारली जाते का, तेही बघ. "मावशी" म्हणायला पैसे पडत नाहीत.

दुसरं, बसल्या जागी भरलेली वजनं. हे होतं, तुलाही माहीत आहे. महिनाअखेर आली, ग्रुपवर यादी पडली, अमुक टक्के बाकी, "आज सायंकाळी 5 पर्यंत 100 टक्के करा". मग काय, गेल्या महिन्याच्या आकड्यात दोनशे ग्रॅम मिळवायचे. माझ्या नोकरीत एका तालुक्यात असा काळ मी पाहिलाय, की ज्या सेविकेनं सॅम मूल दाखवलं तिलाच भर बैठकीत उभं करून विचारायचे, "तुमच्याकडंच कसं काय निघतं?" पुढच्या महिन्यात सॅम मुलं निघायचीच बंद झाली. कागद स्वच्छ, मुलं तशीच.

हार्वर्डमध्ये शिकवणाऱ्या एमी एडमंडसन बाईंनी 1990 च्या दशकात अमेरिकेतल्या रुग्णालयांमधल्या परिचारिकांच्या गटांचा अभ्यास केला होता. औषध देताना कुठल्या गटाकडून किती चुका होतात, हे बघायचं होतं. त्यांना वाटलं होतं, ज्या गटात एकोपा आहे, प्रमुख चांगली आहे, तिथं चुका कमी निघतील. आकडे उलटेच आले. चांगल्या गटात चुका जास्त दिसल्या. खोलात गेल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की तिथं चुका जास्त होत नव्हत्या, उघडपणे सांगितल्या जात होत्या. बाकीच्या गटात बाया भिऊन लपवत होत्या. हे वाचलं तेव्हा मला आपली बीट-बैठक डोळ्यांपुढं आली. तुझ्या बीटमध्ये एखाद्या महिन्यात सॅमचा आकडा वाढला तर घाबरू नकोस. कुणीतरी खरं मोजायला लागलंय, असंही असू शकतं. तसं वाटलं तर त्या सेविकेच्या अंगणवाडीत जा, तिच्यासोबत पुन्हा मोज, आणि आकडा खरा निघाला तर सगळ्यांसमोर तिचं नाव घेऊन सांग की हिनं नीट मोजलं म्हणून हे मूल सापडलं. दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली असलेलं मूल वेळेत सापडणं म्हणजे काय, हे तुला मी सांगायला नको. तेवढ्यासाठीच आपण या खात्यात आलो.

त्या व्हॉट्सॲप ग्रुपचं मात्र काहीतरी कर. वरून आलेली यादी जशीच्या तशी पुढं ढकलू नकोस. जिचं काम मागं आहे तिला फोन कर, एकटीला. ग्रुपवर फक्त तीनच गोष्टी टाकायच्या. बैठकीची वेळ, नवीन सूचना तुझ्या साध्या मराठीत, आणि कुणाचं काही चांगलं झालं तर ते. रात्री नऊनंतर काहीही टाकायचं नाही. वरच्यांचा तगादा तुझ्यापर्यंत येईल, तो तू तुझ्या अंगावर घ्यायचास. म्हणूनच तर तुला पर्यवेक्षिका केलंय.

वरच्यांशी बोलायलाही शिक. "बायका ऐकत नाहीत" असं बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांना सांगितलंस तर तेही तेच म्हणतील आणि विषय संपेल. लेखी दे. अमुक वस्तीवर इतक्या माता, त्यांपैकी इतक्यांचा नंबर दुसऱ्याच्या नावावर, इतक्यांच्या नावात फरक, इतकी मुदत हवी. आकडा दिला की वरचा माणूस ऐकतो, कारण त्यालाही पुढं कुणाला तरी उत्तर द्यायचं असतं.

बदल कधी आणायचा, हेही बघावं लागतं गं. 2025 चंच उदाहरण घे. चेहरा-पडताळणीनंच शिधा द्यायचा, हा दंडक 1 जुलैपासून होता. आणि त्याच्या दुसऱ्याच दिवशी, 2 जुलैला, माउलींची पालखी वेळापूरला मुक्कामी. दिल्लीत तारीख ठरवणाऱ्याला वेळापूरचा मुक्काम कसा ठाऊक असणार? पण तुला ठाऊक असतो. वारीच्या त्या दिवसांत गावात पाय ठेवायला जागा नसते, लाखोंच्या गर्दीत मोबाइलचं नेटवर्क गुदमरतं, घरोघरी वारकरी उतरलेले असतात. अशा वेळी नव्या पद्धतीचं शिकवणं आधी उरकायचं किंवा पालखी भांडीशेगावकडं गेल्यावर करायचं. वरून आलेली तारीख बदलता येत नसेल, पण तिच्या अलीकडे-पलीकडे काय ठेवायचं ते आपल्याला ठरवता येतं.

वारीत तुझ्या बायकांना नीट बघून ठेव मात्र. पालखी मार्गावर स्तनदा मातांसाठी हिरकणी कक्ष उभारतात, तिथं आपल्याच सेविका असतात. कुणाच्या हाताखाली काम पटापट होतं, कुणाजवळ अनोळखी बाई लगेच मन मोकळं करते, कोण न सांगता पाण्याची सोय बघते, कोण गर्दीत चिडते. बीट-बैठकीत बाकावर बसलेल्या बायकांवरून हे कळत नाही. पुढं जोड्या लावताना याचा उपयोग होतो.

एक गोष्ट मात्र कधी करू नकोस. त्यांना खोटं सांगू नकोस. "हे ॲप आलं की तुमचं काम कमी होणार" असं त्यांनी फार वेळा ऐकलंय. मोबाइल आला, तरी रजिस्टरं पुरती सुटली नाहीत कुठं. त्यापेक्षा सरळ सांग, "पहिले दोन-तीन महिने काम वाढणार आहे. त्या काळात अमुक एक अहवाल मी तुमच्याकडून मागणार नाही, माझा मी बघते." काहीतरी वाढवताना काहीतरी कमी करायचं, हे तुला जमेल तितकं पाळ. आणि मानधनाच्या विषयात तुझ्या हातात काही नाही, हे त्यांनाही माहीत आहे. 4 डिसेंबर 2023 ला सुरू झालेला त्यांचा संप जानेवारी 2024 पर्यंत चालला होता. ग्रॅच्युइटीसाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावं लागलं, तेव्हा कुठं एप्रिल 2022 मध्ये हक्क मान्य झाला. पुन्हा कधी संपाची वेळ आली तर तुला कार्यालयाची बाजू सांभाळावी लागेल, ते तुझं काम आहे. पण संपावर बसलेल्या बाईची थट्टा करू नकोस, कुणाची नावं परस्पर कळवू नकोस. संप मिटतो, बायका त्याच असतात आणि त्यांना सगळं आठवतं.

आणि एक बारीकसं. भेटीला गेलीस की दर वेळी एकीच्याच घरी चहाला जाऊ नकोस. गावात स्कूटी कुणाच्या दारात लागली हे अर्ध्या तासात सगळ्यांना कळतं. तुला कदाचित तिच्या हातचा चहा आवडत असेल, बाकीच्यांना वाटतं मॅडमचे कान तिथं भरले जातात. मग तू कितीही चांगलं सांगितलंस तरी ते तिचंच म्हणणं ठरतं.

आता येत्या बैठकीचं बघ. खुर्च्या-टेबल काढून टाक, सतरंजीवर गोल बसा, तूही खाली बस. अहवालानं सुरुवात नको. प्रत्येकीला एकच विचार, या महिन्यात सगळ्यात जास्त वेळ कशात गेला? सुरुवात सगळ्यात नवीन पोरीपासून कर, नाहीतर ज्येष्ठ बाई बोलली की बाकीच्या "आमचंही तसंच" म्हणून मोकळ्या होतात. तू मध्ये बोलू नकोस, नुसतं लिहून घे. आणि त्यातली एक तरी अडचण पुढच्या बैठकीच्या आत सोडवून दाखव, लहानशी असली तरी चालेल. वजनकाट्याचे सेल संपलेत, एवढीशी असली तरी चालेल. आधी ते सेल नेऊन दे.

बैठक झाली की मला फोन कर. रविवारी दुपारनंतर मी घरीच असते. आणि त्या ओटीपीच्या यादीला तेवढी लवकर लाग, पुढच्या महिन्याचं वाटप तोंडावर आलंय.